पेठेतली आळी जपायची तर सुरुवात कुठून करायची? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात मी वारसा क्षेत्राबद्दल थोडंसं लिहिलं होतं, की नुसता एखादा वाडा नाही तर अख्खी आळी, तिची उंची, तिची वळणं, तिथली दुकानं आणि तिथं राहणारी माणसं असं सगळं मिळून जपायची सोय कायद्यात आहे आणि पुण्याच्या जुन्या पेठांनी ती वापरायला पाहिजे. त्यावर भरपूर पत्रं आणि मेसेज आले, काही रागावलेली, काही अगदी कळकळीची. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही म्हणून सारखे प्रश्न एकत्र केलेत आणि नावं काढून फक्त पेठ ठेवली आहे.

ताई, आमच्या गल्लीत अजून सहा-सात जुने वाडे उभे आहेत पण दरवर्षी एखादा जातो. मंडळाची आम्ही तरुण मुलं-मुली एकत्र आलोय, गल्ली वारसा क्षेत्र म्हणून जाहीर करून घ्यायची आहे. अर्ज कुठे करायचा, ठरवतं कोण, वेळ किती लागतो? (एक कार्यकर्ती, सदाशिव पेठ)

सगळ्यात आधी, तुम्ही मंडळाच्या माध्यमातून हे करताय याचा मला फार आनंद झाला, कारण पेठेत दारोदार जाऊन बोलायची सवय मंडळाच्या पोरांना जितकी असते तितकी कुठल्याच संस्थेला नसते.

आता कायद्याचं सांगते. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६, म्हणजे ज्याला सगळे एमआरटीपी म्हणतात, त्याच्या कलम २२ मध्ये लिहिलंय की शहराच्या विकास आराखड्यात ऐतिहासिक आणि वास्तुकलेच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागा जपायच्या तरतुदी करता येतात. त्याच्या आधारावर नियमावली असते, आपल्याकडे २०२० च्या डिसेंबरपासून राज्याची एकत्रित नियमावली लागू आहे, बांधकामवाले तिला युडीसीपीआर म्हणतात, आणि तिच्यात वारसा इमारती आणि वारसा क्षेत्रं या दोन्हीची सोय आहे. महापालिका यादी करते, त्यात हेरिटेज समितीचा सल्ला घेतात, मग जाहीर नोटीस, लोकांच्या हरकती-सूचना, त्यांचा विचार आणि शेवटी अंतिम मंजुरी. वेळ विचाराल तर महिन्यांचा नाही, वर्षांचा हिशोब धरा, मनाची तयारी तेवढी ठेवा.

पण अर्ज ही खूप नंतरची पायरी आहे. पहिलं काम म्हणजे हद्द ठरवणं, आणि इथेच बहुतेक लोक घाईत चुकतात. हद्द कधीही रस्त्याच्या मधोमध काढायची नाही. रस्त्याची एक बाजू आत आणि समोरची बाहेर असं झालं की समोर आठ मजली इमारत उभी राहते आणि मग तुम्ही जपलेल्या बाजूला काही अर्थच उरत नाही. दोन्ही बाजूंची घरं, त्यांच्या मागच्या भिंतीपर्यंत, आत घ्या. मधलं देऊळ, पार, जुना हौद, कात्रजच्या नळाचा एखादा उसासा, म्हणजे नळातली हवा सोडायचा दगडी मनोरा, राहिला असेल तर तोही. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजहून दगडी नळाने शहरात पाणी आणलं आणि जागोजागी हौद बांधले, त्यातले कितीतरी आज कुणाच्या तरी दुकानाखाली नाहीतर पार्किंगखाली आहेत. तुमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, त्यांना बरोबर माहीत असतं.

दुसरं काम पाहणीचं. घरटी एक कागद करा, त्यावर सीटीएस (सिटी सर्व्हे) नंबर, मालकाचं आणि भाडेकरूंचं म्हणणं, किती मजले, छप्पर कौलारू आहे की पत्र्याचं, दिंडी दरवाजा, चौक, सुरूच्या झाडाच्या आकाराचे खांब, महिरपी, कडीपाट (लाकडी छत) यातलं काय शाबूत आहे, आणि सध्या वापर काय आहे. नवीन इमारतींचीसुद्धा नोंद करा, त्या वगळू नका, क्षेत्रात त्याही असतातच आणि पुढे त्यांचा पुनर्विकास होईल तेव्हा उंची काय असावी हा प्रश्न येणारच आहे.

तिसरं म्हणजे हे क्षेत्र महत्त्वाचं का, ते दोन पानांत लिहून काढा. इथे फक्त पेशव्यांचं नाव घेऊन भागत नाही. कसब्यातली तांबट आळी घ्या. तिचं महत्त्व एखाद्या लाकडी खांबात नाही, पिढ्यान् पिढ्या तिथे तांब्या-पितळेची भांडी ठोकून घडवणारी माणसं अजून काम करतात यात आहे, घर आणि कारखाना एकाच छताखाली असल्यामुळे त्या घरांची ठेवणही तशीच झालीय. अशा ठिकाणी नुसत्या दर्शनी भिंती जपल्या आणि कारागीर बाहेर गेले तर आपण काय वाचवलं? तुमच्या गल्लीत छापखाना असेल, पूजेच्या सामानाची ओळ असेल, जुनी खानावळ असेल, ते सगळं लिहा.

आणि चौथं, जे खरं तर पहिलं असायला हवं: मालकांशी आधी बोला. नोटीस निघाल्यावर नाही, आधी. मुंबईत २०१२ मध्ये वारसा इमारतींची आणि क्षेत्रांची नवीन यादी आली तेव्हा शिवाजी पार्कसारख्या भागांतले रहिवासी खवळून उठले होते, कारण बऱ्याच जणांना यादी आल्यावरच कळलं आणि आपल्या घराचं आता काय होणार हे कुणी नीट सांगितलेलं नव्हतं. त्या लोकांचं वारशावर प्रेम नव्हतं असं अजिबात नाही, त्यांना भीती वाटत होती, आणि भीतीला उत्तर द्यायला कुणी समोर नव्हतं. तुमच्या पेठेत ते होऊ देऊ नका.

आम्ही चार भाऊ, कसब्यात वडिलोपार्जित वाडा, आत नऊ भाडेकरू. सगळ्यांचं मिळून जे भाडं येतं त्यात वर्षाला कौलं फिरवायचा खर्चसुद्धा निघत नाही. बिल्डर मागे लागलाय. आणि तुम्ही लिहिता की हेरिटेज करा. तुमचा वारसा आमच्या खिशातून का? (एक वाडामालक, कसबा पेठ)

दादा, तुमचा प्रश्न मला या सगळ्या पत्रांमधला सर्वात महत्त्वाचा वाटतो आणि तुम्ही रागावून लिहिलंय ते योग्यच आहे. पेठांमधले वाडे पडले त्याची कारणं बघितली तर १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटून नदीकाठच्या पेठांमध्ये शेकडो घरं गेली हे एक मोठं कारण आहेच, पण त्यानंतरचे वाडे पाण्याने नाही गेले. ते गेले गोठलेल्या भाड्यामुळे, भावाभावांतल्या वाटण्यांमुळे, आणि दुरुस्ती केली तर नुकसान अन् पाडलं तर फायदा अशी गणितं सगळ्या व्यवस्थेने मिळून तयार केल्यामुळे. भाडेनियंत्रण १९४७ च्या कायद्यापासून चालत आलंय, आता १९९९ चा कायदा आहे, आणि जुन्या भाडेकरूंचं भाडं आजच्या हिशोबात जवळपास नाममात्रच राहिलं. त्यात भाडेकरूंचा दोष नाही, त्यांनीही पिढ्यान् पिढ्या तिथे संसार केलेत, पण सगळा भार एकट्या मालकाने उचलावा हेही न्यायाचं नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. वारसा यादीत तीन श्रेणी असतात. श्रेणी एक म्हणजे अगदी राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू, तिथे मजबुतीकरणापुरतंच हात लावायचा. श्रेणी दोनमध्ये आतले बदल आणि नवा वापर काळजीपूर्वक करता येतो. श्रेणी तीनमध्ये आतून-बाहेरून बदलाला बरीच मोकळीक असते, मात्र रस्त्याच्या एकूण रूपाला धक्का लागता कामा नये. तुमच्यासारखे राहते वाडे बहुतेक करून दोन किंवा तीनमध्येच बसतात. म्हणजे 'एकदा हेरिटेज लागलं की खिळासुद्धा मारता येत नाही' असं जे सगळीकडे बोललं जातं ते बरोबर नाही. पण यादीतल्या इमारतीला आधी लेखी परवानगी लागते हे खरं आहे, अगदी रंग आणि गिलावा बदलायलासुद्धा, आणि ती परवानगी मिळायला वेळ लागतो हेही खरं आहे.

मोबदल्याचं सांगायचं तर वारशाच्या बंधनामुळे जेवढं बांधकाम तुम्हाला करता येत नाही तेवढ्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे हस्तांतर करता येणारा बांधकामाचा हक्क, मिळायची तरतूद नियमावलीत आहे. म्हणजे तो हक्क तुम्ही शहरात दुसरीकडे बांधणाऱ्याला विकायचा आणि पैसा वाड्याला लावायचा. अहमदाबादच्या जुन्या शहराला २०१७ मध्ये जागतिक वारसा दर्जा मिळाला, तिथेही पोळांमधल्या (तिथल्या जुन्या आळ्यांमधल्या) वारसा घरांच्या मालकांना असा हक्क विकता येतो. शिवाय वापर बदलायची सवलत आहे, राहत्या वाड्याचा काही भाग किंवा पूर्ण वाडा खास परवानगीने व्यावसायिक कामाला, अगदी हॉटेललासुद्धा देता येतो, फक्त वारसा बिघडवला तर ती परवानगी काढून घेतली जाते. रस्तारुंदीच्या रेषा आखताना वारसा इमारतीचा विचार करायचा हेही नियमात आहे, आणि कसब्यात कितीतरी घरांचा पुढचा खण रुंदीत जातोय तिथे हा मुद्दा सोन्यासारखा आहे, तो नक्की मांडा.

आणि माझं स्वतःचं मत विचाराल तर स्पष्ट लिहिते. दुरुस्तीसाठी वेगळा निधी उभारता येईल असं नियमात आहे, पण 'येईल' म्हणजे 'आहे' नव्हे. माझ्या मते कुठलंही क्षेत्र जाहीर करण्याआधी त्या क्षेत्रासाठी निधी, एक खिडकी आणि परवानगीची ठराविक मुदत या तीन गोष्टी लेखी मिळाल्या पाहिजेत, आणि त्या मिळेपर्यंत मालकांनी हरकत नोंदवली तर मी त्यांना वारशाचे शत्रू म्हणणार नाही. ज्या घरात माणूस कर्ज काढून राहतोय त्याला तुम्ही फक्त नियम दिलेत तर तो वाडा पावसाळ्याच्या भरवशावर सोडून देतो. क्षेत्र करायचं तर मालकाच्या बाजूने करायचं, नाहीतर ते टिकत नाही.

एक शेवटचं, चार भावांची नावं मालमत्ता पत्रकावर नीट लागलेली आहेत का ते आधी बघा. कुठलीही योजना आली तरी पहिला कागद तोच मागतात आणि निम्मे वाडे तिथेच अडकतात.

वाड्यात गळतंय, मालक लक्ष देत नाहीत, आणि आता महापालिकेची धोकादायक म्हणून नोटीस लागलीय. खाली करावंच लागेल का? (एक भाडेकरू, शुक्रवार पेठ)

नोटीस कुठल्या प्रकारची आहे ते वाचा. महापालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकामाची नोटीस देतात आणि तिच्यात दुरुस्ती, आधार देणं, धोकादायक भाग उतरवणं किंवा रिकामं करणं यातलं काहीही सांगितलेलं असू शकतं. वर्गवारीत सी-१, म्हणजे सर्वात धोकादायक, असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका, कुठलाही खांब तुमच्या लेकरांपेक्षा मोठा नाही. बाकीच्या वर्गांमध्ये दुरुस्तीला वाव असतो.

अशा वेळी तपासणी करून घ्या, पण लाकूड आणि माती-चुन्याची भिंत समजणाऱ्या इंजिनिअरकडून. ज्याने आयुष्यभर फक्त आरसीसी बघितलंय तो सागवानी सांगाड्याचा वाडा बघून सरळ पाडा असं लिहून देतो. बहुतेक वेळा रोग दोनच ठिकाणी असतो, चौकाच्या छपराची पन्हळ फुटलेली असते आणि तिथून झिरपलेलं पाणी खांबाच्या पायथ्याला, तळखड्याजवळ, लाकूड कुजवत असतं. कुजलेला तुकडा कापून त्याला नवीन लाकडाचा जोड देता येतो, त्यासाठी अख्खा खांब किंवा अख्खा वाडा बदलायला लागत नाही.

भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम १४ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकावर बंधनकारक आहे, त्यांनी नाही केलं तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून भाड्यातून पैसे वळते करून घेऊ शकतात. पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच, आणि जुन्या भाड्यात ती रक्कम किती होते हे तुम्हाला मी सांगायला नको. म्हणून कायद्याचा धाक दाखवण्यापेक्षा सगळे भाडेकरू आणि मालक एकत्र बसा, कौलं आणि पन्हळ यांचा खर्च वाटून घ्या आणि स्टॅम्प पेपरवर लिहा की या खर्चाने कुणाचाही हक्क वाढत नाही आणि कमीही होत नाही. हे वाक्य लिहिलेलं असलं की मालकाची भीती जाते.

लक्ष्मी रोडवर आमचं कापडाचं दुकान आहे. वारसा क्षेत्र झालं तर पाटी काढायला लावतील का? (एक दुकानदार)

काढायला नाही, पण पाटीला परवानगी आणि माप नक्की येईल, आणि यावं असं मला मनापासून वाटतं. एका फ्लेक्सच्या मागे अख्खा लाकडी सज्जा झाकला जातो. डिसेंबरच्या ११ तारखेला पादचारी दिनाला गाड्या बंद असतात तेव्हा एकदा रस्त्याच्या मध्ये उभं राहून तुमच्या दुकानाच्या वरचे मजले बघा.

आमचं घर शनिवारवाड्याच्या अगदी जवळ. जुनं आहे, पडायला आलंय, पण पुरातत्त्वच्या नियमामुळे बांधता येत नाही म्हणतात. हेच का वारसा जपणं? (शनिवार पेठेतलं एक कुटुंब)

तुमचा त्रास खरा आहे आणि तो वारसा क्षेत्राच्या नियमाचा नाही, वेगळ्या कायद्याचा आहे, हे आधी वेगळं करू. शनिवारवाडा केंद्राचं संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्यात २०१० मध्ये जी दुरुस्ती झाली तिच्यात अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला मनाई आणि त्यापुढे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असं ठरलं. हा नियम देशभर एकच, रानातल्या एकट्या देवळाला जो तोच भर पेठेतल्या शनिवारवाड्याला. १७३० साली पाया घातलेल्या त्या वाड्याभोवती शहर आधीपासून दाट आहे, कसबा तर त्याच्याही आधीचा, आणि मोकळ्या रानासाठी चालणारं अंतर इथे लावलं की आजूबाजूची जुनी घरं ना धड दुरुस्त होत ना धड नवी होत. माझ्या मते हा नियम पेठेच्या नकाशाप्रमाणे बदलायला पाहिजे.

पण आज काय करता येईल? १०० मीटरच्या आतसुद्धा दुरुस्ती आणि नूतनीकरणाला परवानगी मागता येते, घर १६ जून १९९२ च्या आधीचं असेल तर. म्हणजे घराचं वय सिद्ध करणारी जुनी कर पावती, लाइट बिल, सिटी सर्व्हेचा उतारा, जुने फोटो हे सगळं गोळा करा आणि सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा, तोंडी 'होत नाही' हे उत्तर घेऊन परत येऊ नका. प्रत्येक स्मारकासाठी वेगळी उपविधी, म्हणजे त्या जागेपुरते नियम, करायची सोयही त्याच कायद्यात आहे. तुमच्या भागातल्या घरांनी एकत्र येऊन त्यासाठी मागणी लावून धरली तर एकट्या अर्जापेक्षा तिचं वजन जास्त पडेल.

चुन्यात काम करा म्हणता, पण आता चुना मळणारे गवंडी आहेत कुठे? सिमेंटने काय बिघडतं? (एक कंत्राटदार, नारायण पेठ)

बिघडतं, आणि पटकन बिघडतं. वाड्याची भिंत पांढऱ्या मातीची नाहीतर पातळ विटांची, ती जमिनीतून ओल ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती ओल बाहेर सोडते. वरून सिमेंट फासलं की ओलीला बाहेर यायची वाट बंद होते, मग ती भिंतीतच राहते, वर चढते, भिंतीत घातलेल्या तुळईची टोकं कुजतात, वाळवी लागते. बाहेरून भिंत चार वर्षं गुळगुळीत दिसते म्हणून मालकाला वाटतं काम चांगलं झालं, आणि आत लाकूड भुसा झालेलं असतं. मी पेठांमध्ये जी दुरुस्तीची कामं बघते त्यात जुन्या वाड्यापेक्षा त्याच्यावर मागून केलेल्या सिमेंटची दुरुस्ती जास्त करावी लागते.

गवंडी कमी आहेत, पण अगदीच नाहीत असं नाही. विश्रामबागवाडा आणि नानावाडा या दोन्ही ठिकाणी महापालिकेने जतनाची कामं केली, चुना, लाकूड, जुन्या पद्धतीचे जोड यात हात बसलेले कारागीर अशाच कामांतून तयार होतात. चुना विरवून मुरू द्यायला लागतो, गूळ, बेलफळ, हिरडा असं काय काय घालतात, चुन्याच्या घाण्यात मळायला लागतो, गिलावा ओला ठेवायला लागतो, आणि या सगळ्याला वेळ द्यायला लागतो. घाई असेल तर चुना तुमच्यासाठी नाही. पण तुमच्यासारख्या कंत्राटदाराने दोन पोरं जरी या कामावर शिकवली तर पुढची वीस वर्षं पेठेत त्यांना काम पुरेल, आणि क्षेत्र जाहीर झालंच तर हेच लोक सगळ्यात आधी लागतील.

आमची मुलगी अमेरिकेत असते, तिच्या गावातलं जुनं डाउनटाउन अख्खंच्या अख्खं जपलेलं बघून आलो. तिथे जमतं मग पुण्यात का नाही? (एक जोडपं, कोथरूड)

तिथेही आपोआप नाही जमलेलं काका-काकू. चार्ल्स्टन नावाच्या गावाने १९३१ मध्ये अशा जुन्या भागासाठी वेगळा झोन आणि बाहेरून दिसणारे बदल तपासणारं मंडळ असा पहिला नियम केला. देशपातळीवरचा त्यांचा जतनाचा कायदा १९६६ चा, म्हणजे आपल्या एमआरटीपीच्याच वर्षातला, तेव्हा आपण कायद्यात मागे होतो असं नाही. आणि एक गोष्ट तिथल्याही कितीतरी लोकांना माहीत नसते, की त्यांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नाव लागलं म्हणून खासगी मालकाला स्वतःच्या पैशाने इमारत पाडता येत नाही असं काही नाही, पाडता येते. अडवतो तो त्या गावाचा स्थानिक नियम. म्हणजे शेवटी जबाबदारी गावाचीच.

फरक पैशात आहे. तिथे उत्पन्न देणारी जुनी इमारत ठरलेल्या निकषांप्रमाणे नीट केली तर मान्य खर्चाच्या २० टक्के रक्कम केंद्र सरकारच्या करातून वजा मिळते. दुकान, ऑफिस, भाड्याची घरं यांना मिळते, स्वतः राहत्या घराला नाही. त्यामुळे मालकाला पाडण्यापेक्षा सांभाळणं परवडतं. आपल्याकडे यादी आहे, महापालिकेचा हेरिटेज विभाग आहे, श्रेण्या आहेत, पण सांभाळणाऱ्याच्या हातात रोख असं काही पडत नाही. मालमत्ता करात घसघशीत सवलत, निदान दुरुस्ती चालू असेल त्या वर्षांत तरी, एवढं एक केलं तरी पेठांमध्ये फरक दिसेल असं मला वाटतं.

आणि आपल्याकडे लोकांनी कधी केलंच नाही असंही नाही. दुसऱ्या बाजीरावाचा विश्रामबागवाडा १८७९ च्या आगीत बराच जळाला होता, तो लोकवर्गणी आणि नगरपालिकेचे पैसे मिळून परत उभा केला गेला. १८८६ मध्ये सुरू झालेली मंडई आजही मंडईच आहे, तिथे अजून भाजी मिळते, आणि ती टिकली त्याचं कारणच ते आहे. उलट बुधवार पेठेतला भिडेवाडा बघा, जिथे १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. वर्षानुवर्षं प्रकरण कोर्टात राहिलं, तोवर वाडा झिजत गेला, आणि तिथे स्मारक करण्यासाठी २०२३ च्या डिसेंबरमध्ये तो उतरवला गेला. स्मारक व्हायलाच हवं, त्याबद्दल दुमत नाही, पण ज्या भिंतींमध्ये त्या मुली बसल्या त्या भिंती परत येणार नाहीत याचं मला अजून वाईट वाटतं.

मी आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पैसे नाहीत, ओळखी नाहीत. मी काय करू शकते? (एक विद्यार्थिनी, सोमवार पेठ)

भरपूर. तुमच्या पेठेत त्रिशुंड गणपतीचं दगडी देऊळ आहे, त्याचे फोटो लाखो लोक काढतात, पण त्याच्या आजूबाजूच्या साध्या घरांची मोजमापं कुणी घेत नाही. ती घ्या. एक घर निवडा, आधी घरच्यांची परवानगी मागा, मग नकाशा, छेद, खण किती, दरवाजाचा तपशील, जोत्याचे दगड, चौकाचं माप असं सगळं काढा. फोटो समोरून सरळ काढा, तिरके कलात्मक नकोत, आणि प्रत्येकावर तारीख टाका. घरातल्या आजींना विचारून कोणत्या खोलीत काय चालायचं ते लिहा. जुन्या कागदांसाठी सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, १९१० पासून ते हेच काम करतंय, तिथे बिचकू नका.

एका घराचं झालं की शेजारचं घ्या, वर्गातल्या दोघी-तिघींना बरोबर घ्या. वर सदाशिव पेठेतल्या कार्यकर्तीने विचारलंय ना, तिला अशाच पाहणीची गरज आहे, दोन्ही पेठांचे कागद एकाच नमुन्यात असतील तर फार उपयोग होईल, आमच्याकडे पत्र पाठवलंत तर तुमची गाठ घालून देऊ. तयार झालेल्या कागदांची एक प्रत घरमालकाला द्या आणि एक महापालिकेच्या हेरिटेज विभागात नेऊन द्या, आणि देताना दुसऱ्या प्रतीवर तारखेसकट पोच घ्यायला विसरू नका.